मानेतील खोल जंतुसंसर्ग: कॅज्युअल्टीत नव्याने रुजू होणाऱ्या डॉक्टरांसाठी

कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात असो, वाशीच्या महापालिका रुग्णालयात असो किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या लहान नर्सिंग होममध्ये असो, कॅज्युअल्टीत नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरसमोर "चार दिवस दाढ दुखत होती, आता गळा सुजलाय" असे सांगणारा रुग्ण लवकरच येऊन बसतो. अशा बहुतेकांचा संसर्ग दाढेच्या मुळाशीच थांबलेला असतो आणि दंतवैद्याकडे दाढेवर उपचार झाले की ते बरे होतात. थोड्यांच्या बाबतीत मात्र तो जबड्याच्या हाडाबाहेर पडून मानेच्या खोल कप्प्यांत उतरलेला असतो आणि त्यांचा श्वास काही तासांत कोंडू शकतो. हा लेख त्या थोड्या रुग्णांविषयी आहे. त्यांना वेळेत ओळखणे इंटर्नलाही जमते, कारण त्यासाठी लागणारी बहुतेक माहिती टॉर्च, टंग डिप्रेसर आणि हातमोजा घातलेले बोट यांतूनच मिळते.

हातापायावरच्या गळवात पू त्वचेखाली येतो, बोटाखाली हलतो, आणि मग चीर देता येते. मानेत तसे होत नाही. मानेतील स्नायू, लाळग्रंथी आणि रक्तवाहिन्या फॅशिया नावाच्या घट्ट पडद्यांनी गुंडाळलेल्या असतात. पू त्या पडद्यांआड कोंडतो आणि त्वचेकडे येण्याऐवजी आत घशाकडे किंवा खाली छातीकडे सरकतो. त्यामुळे पू बोटाला हलताना लागणे हे चिन्ह अनेकदा शेवटपर्यंत मिळत नाही आणि बाहेरून दिसणाऱ्या सुजेच्या आकारावरून आतल्या धोक्याचा अंदाजही बांधता येत नाही. "अजून पिकलेले नाही, दोन दिवस गोळ्या घ्या, शेक द्या, मग बघू" हा सल्ला मानेच्या बाबतीत जीवघेणा ठरतो, आणि असा सल्ला घेऊन घरी गेलेले रुग्ण पुन्हा येतात तेव्हा हाताशी फार थोडा वेळ उरलेला असतो.

पहिले मिनिट: हात लावण्याआधी पाहणे

रुग्ण दारातून आत येत असतानाच तपासणी सुरू करावी. तो पुढे झुकून, दोन्ही हात गुडघ्यांवर किंवा खाटेच्या कडेवर टेकवून, हनुवटी पुढे काढून बसतो का, हे पाहावे. लाळ गिळता न आल्यामुळे त्याच्या हातात रुमाल किंवा वाटी आहे का, याकडे लक्ष द्यावे. तोंडात गरम घास धरून बोलावे तसा त्याचा आवाज जड आणि अस्पष्ट येत असेल, तर सूज घशाच्या वरच्या भागात किंवा जिभेच्या मुळाशी पोहोचली आहे असे धरून चालावे. श्वास आत घेताना येणारी शिट्टीसारखी घरघर, म्हणजे स्ट्रायडॉर, हे उशिरा येणारे चिन्ह आहे. ते ऐकू येईपर्यंत श्वासमार्ग बराच अरुंद झालेला असतो, म्हणून स्ट्रायडॉर नाही म्हणजे धोका नाही असा निष्कर्ष कधीही काढू नये.

ऑक्सिजन सॅचुरेशनच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी. अरुंद झालेल्या श्वासमार्गातूनही थकेपर्यंत ओढलेला श्वास सॅचुरेशन ९७ किंवा ९८ टक्के राखू शकतो आणि रुग्ण थकला की तेच एकदम कोसळते. अशा रुग्णाचा दर मिनिटाचा श्वासाचा वेग, मानेच्या स्नायूंची ओढ आणि त्याची अस्वस्थता पल्स ऑक्सिमीटरच्या आकड्यापेक्षा लवकर खरे सांगतात.

अशा रुग्णाला उताणे झोपवू नये. कॅज्युअल्टीत आलेल्या प्रत्येकाला खाटेवर आडवे करण्याची सवय आपल्याकडे इतकी रुजलेली आहे की वॉर्डबॉय आणि सिस्टर यांना हे आधीच स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे लागते. आडवे होताच सुजलेली जीभ आणि घशाचा मागचा भाग श्वासनळीवर येतात. रुग्ण ज्या स्थितीत स्वतःहून बसला आहे ती त्याने शोधलेली सर्वात सुरक्षित स्थिती असते. त्याच स्थितीत ऑक्सिजन लावावा, सलाईनसाठी सुई टाकावी आणि त्याच वेळी ईएनटी व भूलतज्ज्ञ यांना फोन करावा. तपासण्यांचे अहवाल हातात आल्यावर फोन करू, असे म्हणून थांबू नये.

काय विचारावे

रुग्णाला बोलण्याचा त्रास होत असेल तर नातेवाइकांना विचारावे. कोणती दाढ दुखत होती, ती काढली का, आणि काढली असल्यास किती दिवसांपूर्वी, हे आधी विचारावे. खालच्या जबड्यातील दुसरी आणि तिसरी दाढ, म्हणजे अक्कलदाढ आणि तिच्या पुढची, विशेष महत्त्वाची असते, कारण त्या दोन दाढांची मुळे जबड्याच्या आतल्या बाजूला तोंडाच्या तळाचा मायलोहायॉइड स्नायू जिथे चिकटतो त्या रेषेच्या खाली उतरलेली असतात. तिथून फुटलेला पू तोंडात न येता सरळ जबड्याखालच्या कप्प्यात जातो. त्यामुळे दाढेचे दुखणे अचानक थांबले आणि गळा सुजू लागला, अशी हकीकत ऐकली तर ती सुधारणा समजू नये.

मधुमेहाविषयी विचारताना "शुगर आहे का" या प्रश्नावर थांबू नये, कारण अनेकांना आपला मधुमेह याच आजारात पहिल्यांदा कळतो. ग्लुकोमीटरची पट्टी प्रत्येकाला लावावी. कोणती गोळी चालू आहे हे पाकीट पाहूनच ठरवावे. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्या रुग्णाला तोंड उघडत नसल्यामुळे तीन-चार दिवस धड जेवण गेलेले नसते, गोळी मात्र नियमाने चालू असते, आणि अशा वेळी शुगर २०० च्या आसपास दिसत असतानाही रक्तात कीटोन साठून गंभीर ॲसिडोसिस (रक्त आम्लधर्मी होणे) झालेला असू शकतो. म्हणून अशा रुग्णाची शुगर फार वाढलेली नसली तरी कीटोन तपासावेत.

ठाणे आणि नवी मुंबईच्या कोळीवाड्यांत, दिवाळे गावापासून चेंदणीपर्यंत, घशात काटा अडकणे ही नेहमीची गोष्ट असल्यामुळे ती कोणी आपणहून सांगत नाही. कोरड्या भाताचा गोळा किंवा केळे गिळून काटा खाली ढकलला जातो आणि प्रसंग विसरला जातो. चार-पाच दिवसांनी ताप, गिळताना दुखणे आणि मान आखडणे सुरू झाले की घशामागच्या कप्प्यात पू झाल्याची शंका घ्यावी आणि "गेल्या आठवड्यात मासे खाताना काटा टोचला होता का?" असे थेट विचारावे.

औषध दुकानातून आणलेल्या गोळ्यांची चौकशीही तितकीच गरजेची आहे. वेदनाशामक गोळ्यांनी ताप आणि दुखणे दबलेले असते, आणि कुठे स्टेरॉइडचे इंजेक्शन मिळाले असेल तर रुग्ण एक दिवस बरा वाटून दुसऱ्या दिवशी कोसळतो. गालाला हळद-चुन्याचा लेप लावलेला असेल तर तो हलक्या हाताने पुसून खालची त्वचा पाहावी. पेनिसिलिनची ॲलर्जी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण आणि मूत्रपिंडाचा आजार यांची नोंद करावी.

तोंडाची तपासणी

चूक होते ती बहुधा याच टप्प्यावर, म्हणून इथे घाई करू नये. "काका, जेवढं उघडेल तेवढं तोंड उघडा" असे सांगून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये रुग्णाची स्वतःची किती बोटे उभी मावतात ते पाहावे. निरोगी माणसाची तीन बोटे मावतात. दोनपेक्षा कमी मावत असतील तर संसर्ग चावण्याच्या स्नायूंपर्यंत किंवा घशाच्या बाजूच्या कप्प्यापर्यंत गेल्याची शक्यता असते, आणि भूलतज्ज्ञाला तोंडावाटे नळी घालणे अवघड जाणार हेही त्यातून कळते.

आपल्या भागात इथे एक मोठी अडचण येते. गुटखा, सुपारी आणि मावा वर्षानुवर्षे खाणाऱ्यांच्या गालांच्या आतील अस्तर घट्ट होऊन तोंड आधीच कमी उघडू लागलेले असते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली, तरी औद्योगिक पट्ट्यातील कामगारांमध्ये आणि रिक्षाचालकांमध्ये असे रुग्ण पुष्कळ दिसतात. त्यामुळे "आजारी पडण्याआधी किती उघडायचं? वडापाव सरळ खाता यायचा का?" असे विचारून जुनी स्थिती नोंदवावी. आधी दोन बोटे आणि आता अर्धे, हा बदल तीनवरून दोनवर येण्याइतकाच गंभीर आहे. उलट, जुन्या आखडलेपणाला नवा संसर्ग समजून घबराटही होऊ नये. अशा रुग्णाचा श्वासमार्ग ताब्यात घेणे मात्र दुप्पट अवघड असते, ही गोष्ट भूलतज्ज्ञाला फोनवरच सांगावी.

त्यानंतर जीभ पाहावी. जीभ वर उचलली गेली आहे का, टाळूला टेकली आहे का, दातांच्या बाहेर येते आहे का, आणि रुग्णाला ती खालच्या ओठापलीकडे काढता येते का, हे पाहावे. मग हातमोजा घालून एका हाताचे बोट जिभेखाली ठेवावे, दुसऱ्या हाताची बोटे हनुवटीखाली बाहेरून ठेवावीत आणि दोन्हींच्या मध्ये तोंडाचा तळ हलकेच दाबावा. निरोगी तळ मऊ असतो आणि दोन्ही बोटांमध्ये सहज दबतो. तो दोन्ही बाजूंना ताठर झालेला असेल, दाबल्यावर बोटाचा खड्डा पडत नसेल, हनुवटीखालची सूज कडक आणि दुखरी असेल, तर हा लुडविग्ज अँजायना आहे असे धरून पुढची पावले टाकावीत. स्टुटगार्टचे डॉक्टर विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग यांनी १८३६ मध्ये वर्णन केलेला हा आजार म्हणजे जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या कप्प्यांचा दोन्ही बाजूंनी पसरलेला संसर्ग. त्यात पू कमी आणि सूज जास्त असते. प्रतिजैविके येण्यापूर्वी निम्म्याहून अधिक रुग्ण त्यात दगावत, आणि मृत्यूचे मुख्य कारण श्वास कोंडणे हेच असे.

घशात टॉर्च टाकून पडजीभ मधोमध आहे का ते पाहावे. एका बाजूचा टॉन्सिल वरून फुगलेला आणि पडजीभ विरुद्ध बाजूला ढकललेली असेल तर टॉन्सिलशेजारचे गळू असते. या गटातील हा त्यातल्या त्यात सौम्य आजार असून सुईने किंवा लहान छेद देऊन पू काढल्यावर रुग्णाला लगेच आराम पडतो. घशाची बाजूची भिंतच आत आली असेल आणि जबड्याच्या कोपऱ्यामागे सूज असेल तर संसर्ग घशाच्या बाजूच्या कप्प्यात आहे. तिथून मेंदूकडे जाणारी रोहिणी आणि मानेची मोठी नीला गेलेली असल्यामुळे नीलेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. लहान मूल लाळ गाळते आहे, मान एका बाजूला धरते आहे आणि ती वळवू देत नाही, असे दिसले तर घशामागच्या गळवाची शंका घ्यावी. पाच वर्षांखालील मुलांत तिथे लसीका ग्रंथी असतात आणि साध्या सर्दी-घशाच्या संसर्गातूनही त्या पिकतात. अशा मुलाला रडवून, दाबून घसा तपासू नये. त्याला आईच्या मांडीवरच ठेवावे आणि ज्येष्ठ डॉक्टरांना बोलवावे.

मानेची त्वचा तपासताना लालसरपणाच्या कडेवर पेनाने रेघ ओढून वेळ लिहावी. तासाभराने रेघ ओलांडली गेली असेल तर वाद घालायला जागा उरत नाही.

जिथे एक तासही थांबू नये

त्वचेखालचा फॅशियाच कुजवत जाणारा संसर्ग, म्हणजे नेक्रोटायझिंग फॅसायटिस, मानेत तुलनेने कमी दिसतो, पण मधुमेही रुग्णांत तो आपल्याकडे होतो आणि फार वेगाने पसरतो. दिसणाऱ्या लालसरपणाच्या मानाने वेदना कितीतरी जास्त असणे हे त्याचे पहिले लक्षण आहे. पुढे त्वचा जांभळट-राखाडी होते, पाण्याचे फोड येतात, दाबल्यावर वायूमुळे कुरकुर जाणवते, आणि शेवटी तीच जागा बधिर होते. वेदना थांबल्या म्हणून आराम पडला असे रुग्ण सांगत असला, तरी त्वचेचे चेतातंतू मेले आहेत असा त्याचा अर्थ असू शकतो. हे निदान क्लिनिकल आहे, म्हणजे रुग्णाला तपासूनच करायचे असते. रक्ताच्या अहवालांवरून गुण देण्याच्या पद्धती आहेत, परंतु गुण कमी आले म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलणे योग्य नाही. शंका असेल तर भूल देऊन लहान छेद घ्यावा. फॅशिया बोटाने सहज सुटत असेल, रक्त येत नसेल आणि पातळ, करड्या रंगाचे, दुर्गंधीयुक्त पाणी येत असेल, तर मेलेला सर्व भाग त्याच वेळी काढावा लागतो आणि २४ तासांत पुन्हा उघडून पाहावे लागते.

चेहऱ्यावर किंवा सायनसमधून सुरू झालेल्या संसर्गात डोळा तपासल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही. पापणी सुजून बंद झाली असली तरी ती हाताने उघडून दृष्टी, बुबुळाची हालचाल आणि बाहुलीची प्रतिक्रिया पाहावी. डोळा फिरवताना दुखत असेल, डोळा पुढे आला असेल किंवा दिसणे कमी झाले असेल, तर संसर्ग खोबणीच्या आत आहे आणि नेत्रतज्ज्ञ त्याच तासाला हवेत. मधुमेही रुग्णाच्या नाकात किंवा टाळूवर काळा डाग, एका बाजूच्या गालाची बधिरता, हलणारे दात आणि डोळ्याभोवतीची सूज यांपैकी काहीही दिसले, तर म्युकरमायकोसिसचा विचार करावा. २०२१ च्या कोविड लाटेत महाराष्ट्राने हा बुरशीजन्य आजार मोठ्या प्रमाणावर पाहिला, आणि लाट ओसरली तरी नियंत्रणात नसलेल्या मधुमेहात तो अजूनही होतो. नाकातील भागाचा केओएच तपास (सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधणे) त्याच दिवशी होतो, आणि शंका बळकट असेल तर लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी रोज दर किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम सुरू करून मेलेला भाग काढण्याची तयारी करावी. नेहमीची प्रतिजैविके या बुरशीवर काहीही काम करत नाहीत.

दोन गोष्टींशी गल्लत होऊ नये. गालगुंडात सूज कानापुढे आणि कानाखाली असते आणि तोंडाचा तळ मऊ राहतो. रक्तदाबाच्या एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल या गोळ्यांमुळे अचानक येणाऱ्या जिभेच्या सुजेत ताप नसतो आणि दाढेची हकीकत नसते. श्वासमार्गाचा धोका मात्र तितकाच असतो.

श्वासमार्ग

जीभ वर उचललेली असणे, लाळ गळणे, आवाज बदलणे, पुढे झुकून बसणे किंवा तोंड दीड बोटापेक्षा कमी उघडणे, यांपैकी एकही चिन्ह असेल तर श्वासमार्गाचा निर्णय बाकी सर्व उपचारांच्या आधी घ्यावा. हा निर्णय नवख्याने एकट्याने घ्यायचा नाही. त्याने माणसे आणि सामान गोळा करायचे.

भूलतज्ज्ञ, ईएनटी सर्जन आणि शस्त्रक्रियागृह यांना एकाच वेळी कळवावे. खाटेजवळ चालू स्थितीतले सक्शन, वेगवेगळ्या आकाराच्या नळ्या, व्हिडिओ लॅरिंगोस्कोप, ट्रेकिओस्टॉमीचा (गळ्याला छेद देऊन श्वासनळीत नळी बसवण्याचा) ट्रे आणि आणीबाणीत गळ्यातून मार्ग करण्यासाठी १० नंबरचे ब्लेड, बुजी (नळी सरकवण्यासाठीची लवचीक काडी) व ६ नंबरची कफ (नळीभोवतीचा हवेचा फुगा) असलेली नळी एकत्र ठेवावी. रुग्ण स्थिर असतानाच मानेच्या मध्यरेषेवर क्रिकोथायरॉइड पडदा (स्वरयंत्राच्या दोन कूर्चांमधला) बोटाने शोधून त्यावर पेनाने खूण करावी. सूज वाढल्यावर आणि गडबड सुरू झाल्यावर ती जागा सापडत नाही.

शक्यतो रुग्ण जागा असताना, बसलेल्या स्थितीत, नाकावाटे फायबरऑप्टिक स्कोपच्या मदतीने नळी घातली जाते. तशी सोय नसेल किंवा ती शक्य होणार नसेल, तर अर्धवट बसवून, फक्त जागेवर भूल देऊन ट्रेकिओस्टॉमी करतात. अस्वस्थ रुग्णाला "जरा शांत करू या" म्हणून गुंगीचे मिडाझोलाम देणे आणि पुरेशा तयारीशिवाय स्नायू शिथिल करणारे औषध देणे, या दोन गोष्टींनी स्वतःहून श्वास घेणाऱ्या माणसाचा श्वास थांबतो. त्याची अस्वस्थता बहुधा ऑक्सिजनच्या भुकेपोटी असते. तयारी होईपर्यंत ॲड्रेनलिनचे १:१००० द्रावण ५ मिली नेब्युलायझरने देता येते आणि ज्येष्ठांच्या सांगण्यावरून डेक्सामेथासोनही दिले जाते, पण दोन्हींमुळे थोडाच अवधी मिळतो आणि स्टेरॉइडने मधुमेह्यांची शुगर वाढते, हे ध्यानात ठेवावे.

नातेवाइकांना ट्रेकिओस्टॉमीविषयी सांगताना वेळ द्यावा. "गळ्याला भोक" या शब्दांनीच घरचे हादरतात आणि संमतीला नकार येतो. "जीभ आणि घसा सुजलाय, त्यामुळे श्वासाची वाट बंद होतेय. सुजेच्या खालून तात्पुरती वाट करायची आहे. सूज उतरली की नळी काढतो, भोक आपोआप भरतं आणि आवाज परत येतो," असे मुलाला किंवा पत्नीला बसवून सांगितले, तर बहुतेक जण तयार होतात.

रक्त, प्रतिजैविके आणि सलाईन

सुई टाकतानाच सीबीसी, क्रिएटिनिन, इलेक्ट्रोलाइट्स, शुगर, कीटोन, लॅक्टेट आणि रक्ताचे दोन कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) घ्यावेत. कल्चर आधी घ्यावे, पण त्यासाठी पहिल्या डोसला उशीर करू नये. रक्तदाब घसरलेल्या रुग्णाला पहिला डोस तासाभराच्या आत मिळालाच पाहिजे. मधुमेही आणि वृद्धांमध्ये ताप किंवा पांढऱ्या पेशींची वाढ नसली तरी संसर्ग गंभीर असू शकतो.

हे संसर्ग बहुधा अनेक जंतूंचे मिळून होतात: तोंडातील स्ट्रेप्टोकॉकस, प्राणवायूविना वाढणारे प्रिव्होटेला आणि फ्युसोबॅक्टेरियम, कधी स्टॅफिलोकॉकस, आणि मधुमेह्यांत क्लेब्सिएला. मूत्रपिंड ठीक असलेल्या प्रौढासाठी ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट १.२ ग्रॅम शिरेतून दर आठ तासांनी, किंवा अँपिसिलिन-सल्बॅक्टम ३ ग्रॅम दर सहा तासांनी, किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन २ ग्रॅम रोज आणि जोडीला मेट्रोनिडाझोल ५०० मिलिग्रॅम दर आठ तासांनी, अशी सुरुवात करता येते. रुग्ण अतिगंभीर, मधुमेही किंवा नुकताच दुसऱ्या रुग्णालयात राहून आलेला असेल तर पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम दर सहा तासांनी निवडावे आणि एमआरएसएची (नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसची) शंका असल्यास व्हँकोमायसिन किंवा लिनेझोलिड जोडावे. फॅशिया कुजवणाऱ्या संसर्गात जंतूंचे विष तयार होणे रोखण्यासाठी क्लिंडामायसिन ९०० मिलिग्रॅम दर आठ तासांनी जोडतात. आपल्या रुग्णालयाचे प्रतिजैविक धोरण आणि स्थानिक कल्चरचे अहवाल यांना या यादीपेक्षा वरचे स्थान द्यावे, आणि कल्चर आल्यावर सापडलेल्या जंतूपुरतेच औषध ठेवण्याचा कंटाळा करू नये.

रक्तदाब कमी असेल किंवा लॅक्टेट ४ किंवा त्याहून जास्त असेल, तर दर किलोमागे ३० मिलीपर्यंत सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट पुनःपुन्हा तपासत द्यावे आणि तरीही सरासरी रक्तदाब ६५ च्या वर येत नसेल तर नॉरॲड्रेनलिन सुरू करावे. शुगर इन्सुलिनच्या ठिबकणीने १४० ते १८० च्या दरम्यान ठेवावी.

स्कॅन

श्वासमार्ग सुरक्षित असेल तर कवटीच्या तळापासून छातीच्या मध्यभागापर्यंत कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅन करावा. फक्त मानेचा स्कॅन मागवला तर छातीत उतरलेला पू सुटतो. घशामागच्या कप्प्याच्या मागे असलेला एक पोकळ थर कवटीपासून थेट श्वासपटलापर्यंत जातो, आणि त्या वाटेने पू हृदयाभोवती पोहोचला की छातीत दुखणे, धाप आणि एक्स-रेमध्ये रुंदावलेला मध्यभाग दिसतो. तेव्हा छातीचे सर्जन लागतात. श्वासमार्ग असुरक्षित असलेल्या रुग्णाला स्कॅनच्या टेबलावर आडवे करू नये, मग निदान कितीही अनिश्चित असो. सीटीची सोय नसलेल्या ठिकाणी बसवून घेतलेला मानेचा बाजूचा एक्स-रे कामाचा आहे: प्रौढांत दुसऱ्या मणक्यासमोरील मऊ भागाची जाडी ७ मिलिमीटरपेक्षा आणि सहाव्या मणक्यासमोर २२ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर ती असामान्य आहे, मुलांत सहाव्या मणक्यासमोर १४ मिलिमीटर ही मर्यादा धरतात.

पू काढणे

स्कॅनमध्ये पू साठलेला दिसत असेल, कप्प्यात वायू दिसत असेल, श्वासमार्ग धोक्यात असेल किंवा २४ ते ४८ तास योग्य औषधे देऊनही सुधारणा नसेल, तर शस्त्रक्रिया करून सर्व कप्पे उघडले जातात आणि निचऱ्यासाठी नळ्या ठेवल्या जातात. पू साठलेला राहिला तर महागडी प्रतिजैविकेही तिथे पुरेशी पोहोचत नाहीत. कारणीभूत दाढ शक्यतो त्याच भुलीत काढावी. "सूज उतरल्यावर दाढ काढू" असे म्हटल्यास संसर्गाचा उगम तसाच राहतो. पू कापसाच्या बोळ्यावर न घेता सिरिंजमध्ये घ्यावा आणि तो साध्या व अ‍ॅनएरोबिक कल्चरबरोबर क्षयरोगाच्या सीबीनॅट चाचणीसाठीही पाठवावा. आपल्याकडे मणक्याच्या क्षयामुळे घशामागे साठलेला पू अजूनही सापडतो, आणि अशा रुग्णाने महिनाभर साध्या प्रतिजैविकांवर काढलेला असतो.

दुसरीकडे पाठवताना

शहापूर-मुरबाडकडून ठाण्याला किंवा दिवा-मुंब्र्याहून कळव्याला येणारा रुग्ण असो, की घोडबंदरच्या नर्सिंग होममधून मोठ्या रुग्णालयात जाणारा, प्रवासाचा वेळ नकाशावर दिसतो तेवढा नसतो. गायमुखच्या घाटात किंवा भिवंडी बायपासला गाडी अडकली तर तासभर सहज जातो, आणि तो तास रुग्ण रुग्णवाहिकेत काढणार असतो. श्वासमार्ग धोक्यात असेल तर तो सुरक्षित करूनच रुग्ण हलवावा. तशी सोय मुळीच नसेल, तर १०८ वर प्रगत जीवरक्षक रुग्णवाहिका मागवावी, सोबत डॉक्टर द्यावा, रुग्णाला बसवून न्यावे, आणि प्रतिजैविकांचा पहिला डोस निघण्याआधीच द्यावा. पुढच्या रुग्णालयात ईएनटी, भूलतज्ज्ञ आणि आयसीयूची खाट आहे का, हे डॉक्टरांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावे. नातेवाइकांच्या हाती चिठ्ठी देऊन रिक्षाने पाठवलेला रुग्ण तीन रुग्णालयांच्या दारातून परत फिरतो आणि श्वास कोंडलेल्या अवस्थेत चौथ्या दारी पोहोचतो. चिठ्ठीवर तोंड किती बोटे उघडत होते, जीभ कशी होती, पेनाची रेघ किती वाजता ओढली आणि कोणता डोस कधी दिला, एवढे तरी लिहिलेले असावे. पात्र कुटुंबांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती त्याच वेळी द्यावी, म्हणजे खर्चाच्या भीतीने ते मध्येच घरी परतणार नाहीत.

पहिल्या तीन दिवसांत

शस्त्रक्रियेनंतर सूज उतरण्याआधी काही काळ वाढू शकते, म्हणून श्वासाची नळी काढण्याची घाई करू नये. कफमधील हवा काढल्यावर नळीभोवतून हवा जाते का, हे पाहूनच ती काढावी, तीही दिवसा, ईएनटी आणि भूलतज्ज्ञ हजर असताना. रोज तीच तपासणी करावी: किती बोटे, जीभ, तोंडाचा तळ, त्वचेवरची रेघ, छाती. ताप उतरल्यावर पुन्हा चढला किंवा नवी छातीदुखी सुरू झाली, तर निचऱ्याची नळी नीट आहे म्हणून समाधान न मानता पुन्हा स्कॅन करावा. मानेच्या बाजूला दोरीसारखी कडक, दुखरी रेघ लागत असेल आणि एक्स-रेमध्ये फुप्फुसात ठिपके दिसत असतील, तर नीलेतील गुठळी शोधावी.

तोंडावाटे आहार सुरू होईपर्यंत नाकातील नळीने पेज, दूध आणि प्रथिने द्यावीत. घरी पाठवताना प्रतिजैविकांचा कोर्स साधारण दोन आठवडे पूर्ण करायचा असतो. जबडा पुन्हा उघडण्यासाठी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरण्याचा व्यायाम दिवसातून चार-पाच वेळा करायला शिकवावा आणि दर दोन-तीन दिवसांनी एक काडी वाढवायला सांगावी. राहिलेल्या किडक्या दातांसाठी दंतवैद्याची आणि मधुमेहासाठी फिजिशियनची तारीख डिस्चार्ज कार्डावर त्याच दिवशी लिहून द्यावी. एसजीएलटी-२ गटातील गोळी, म्हणजे नावात "ग्लिफ्लोझिन" असलेली, फिजिशियनला विचारल्याशिवाय पुन्हा सुरू करू नये. आणि पुन्हा थुंकी गिळता येईनाशी झाली, आवाज बदलला किंवा आडवे झाल्यावर गुदमरायला झाले, तर ओपीडीच्या वेळेची वाट न पाहता रात्री-अपरात्री सरळ कॅज्युअल्टीत यायचे, हे रुग्णाला आणि त्याला घेऊन जाणाऱ्या घरच्या माणसाला, दोघांनाही सांगावे.